पॅन्सी: वाफ्यातली आणि कुंडीतली (यंदा तरी शेंडा टिकवायचाय)

गच्चीवरची | २४ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंडळी, नवरात्र जवळ आलं की मला पॅन्सीच्या बियांची आठवण होते. यंदा पेरायच्या आधीच विचारून घ्यावं म्हणून धागा काढतेय, कारण गेली दोन वर्षं मेहनत करूनही पदरात काही पडलं नाही.

आधी थोडं घरचं सांगते. बाबा देवळाली कॅम्पात नोकरीला होते. आमच्या क्वार्टरसमोर एक वाफा होता, कडेला गेरू-चुना लावलेल्या तिरप्या विटा, आणि डिसेंबर उजाडला की त्यात पॅन्सी. जांभळी, पिवळी, विटकरी, मधोमध काळा डाग. आम्ही पोरं तिला मांजरफूल म्हणायचो. बाबा आता ८३ वर्षांचे आहेत, आमच्याकडे कोथरूडला असतात. थंडीत सकाळी गच्चीवर ऊन खात बसतात. त्यांच्या खुर्चीसमोर दोन आडव्या कुंड्या फुललेल्या हव्यात, एवढीच इच्छा आहे.

आता काय काय झालं ते. पहिल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर लगेच बी पेरलं. साधारण शंभर बियांतून नऊ रोपं उगवली, त्यातली सात आडवी पडून गेली. दुसऱ्या वर्षी पेरणीच्या भानगडीत न पडता डिसेंबरात नर्सरीतून २४ रोपं आणली. फुलं होती, कळ्या होत्या. दोन आठवडे सुंदर गेले. मग नवीन येणारी पानं अरुंद, जाड, पट्टीसारखी यायला लागली. हाताने वाकवली की कट्कन मोडायची. मधला शेंडा आक्रसून काळपट झाला आणि कळ्या तिथेच जिरल्या. कीड शोधली, भिंगाने बघितलं, काही दिसलं नाही. जानेवारी संपेपर्यंत सगळी रोपं बसली.

माती: लाल माती, शेणखत, थोडी वाळू. दर महिन्याला गावाहून आणलेली राख आणि अंड्याच्या टरफलांची पूड. पाणी रोज सकाळी. ऊन सकाळचं पाच तास. चुकतंय कुठे?

मुलुंडची बाल्कनी | २४ सप्टेंबर, रात्री ११:०५

बसते. वाचते. माझीही दरवर्षी हीच कथा, फक्त माझी रोपं जानेवारीच्या मध्यालाच जातात.

उरुळीकर | २५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ताई, मी १४ वर्षं नर्सरीत काम करतोय, उरुळी कांचनच्या बाजूला. आधी पेरणीचं बोलतो, शेंड्याचं कोणी शिकलेलं सांगेल.

पॅन्सीचं बी गरमीत झोपून राहतं. वीस अंशाच्या आसपास छान उगवतं, पंचवीसच्या वर गेलं की मागे सरतं. गणपतीत पेरलं म्हणजे पुढे ऑक्टोबर हीट डोक्यावर घेतली. आम्ही लवकर पेरतो, पण ते शेडनेटमध्ये, फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) लावून. घरी तसं जमणार नाही. घरच्या माणसाने एकच खूण धरावी: पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटलं की बी पेरायचं. पुण्यात ते दसऱ्याच्या पुढेमागे येतं.

पेरायचं असं. ९८ खणांचा प्रोट्रे (रोपं तयार करायचा ट्रे) घ्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन वेळा धुऊन घ्या. मुठीत दाबलं तर एखादाच थेंब पडला पाहिजे, धार नको. खणात एक बी, वर दोन-तीन मिलिमीटर कोकोपीट. बी बारीक असतं, एका ग्रॅममध्ये सातशेच्या घरात बसतं, म्हणून खोल घालू नका. पण उघडंही ठेवू नका, याला उगवायला अंधार लागतो. ट्रेवर ओलं गोणपाट टाका आणि घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा, मोरीजवळ, पूर्वेच्या पॅसेजमध्ये, कुठेही. गोणपाट सुकू द्यायचं नाही. त्या ओलीनेच ट्रे गार राहतो. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. पहिले दोन-चार कोंब दिसले की गोणपाट त्याच दिवशी काढायचं. एक दिवस उशीर केला तर रोप सुतासारखं लांब होतं आणि मग मान टाकतं.

गच्चीवरची | २५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

दादा, तुमचे फार आभार. मी ट्रे गच्चीवर उन्हात ठेवला होता, वर काही झाकलंही नव्हतं. म्हणजे दोन्ही चुका.

मृदगंध | २५ सप्टेंबर, दुपारी १:१५

ताई, रोपांना पाणी कुठलं देत होता? नळाचं, बोअरचं की टँकरचं? आणि ते थेट देता की काही करून देता?

गच्चीवरची | २५ सप्टेंबर, दुपारी २:४०

सोसायटीला उन्हाळ्यात टँकर, एरवी नळ आणि बोअर एकत्र टाकीत. आणि हो, कुंड्यांना मी आरओचं (पिण्याचं पाणी गाळायच्या मशीनचं) वाया जाणारं पाणी देते. रोज दोन बादल्या निघतात, ओतून द्यायचं जिवावर येतं.

मृदगंध | २५ सप्टेंबर, रात्री ९:२०

सापडलं असं वाटतंय. सविस्तर लिहितो, कारण पुण्या-नगरच्या बोअरच्या पाण्यावर बाग करणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे.

पॅन्सीला किंचित आंबट माती लागते, पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट) साधारण साडेपाच ते सहाच्या थोडं वर. आपल्याकडची काळी माती साडेसातच्या पुढे असते. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे पीएच वर नेणारे क्षार, भरपूर. आरओ मशीन त्यातलं चांगलं पाणी तुमच्या ग्लासात देतं आणि सगळे क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. म्हणजे मूळच्या जड पाण्यापेक्षाही जड पाणी तुम्ही रोज ओतत होता. त्यावर राख. त्यावर अंड्याची टरफलं. राख आणि टरफलं दोन्ही मातीचा पीएच वर नेतात. दणकट झाडं हे सगळं सोसतात. पॅन्सीची मुळं बारीक आणि नाजूक, तिला ते पेलत नाही.

पीएच वर गेला आणि चुना वाढला की मातीत असलेलं बोरॉनही (झाडाला अगदी थोडं लागणारं अन्नद्रव्य) मुळांना उचलता येत नाही. बोरॉन झाडात एकदा जिथे पोचलं तिथून सहसा हलत नाही, म्हणून त्याची टंचाई आधी शेंड्याला दिसते. जाड, चिवट, पट्टीसारखी पानं, मोडणारी, आणि मेलेला मधला डोळा. तुम्ही वर्णन केलंय ते तंतोतंत हेच आहे. लोह कमी पडलं असतं तर शेंड्याची पानं पिवळी होऊन शिरा हिरव्या राहिल्या असत्या. मावा असता तर पानं वाकडी झाली असती, पण खाली चिकटपणा आणि सोललेल्या काती दिसल्या असत्या.

एक गोष्ट विचारायची राहिली. रोपं उपटलीत तेव्हा मुळं कशी होती?

गच्चीवरची | २५ सप्टेंबर, रात्री ९:४८

मुळं पांढरी नव्हती. तपकिरी, मध्ये मध्ये काळे ठिपके जोडल्यासारखी. मला वाटलं सुकल्यामुळे.

मृदगंध | २५ सप्टेंबर, रात्री १०:३०

तो काळा मूळकुज्या असावा. ती बुरशी पॅन्सीच्या मुळांवर हमखास बसते, आणि पीएच वर गेला की जोर धरते. आंबट मातीत तिचं फार चालत नाही. म्हणजे दोन दुखणी, पण मूळ एकच. त्या कुंड्यांतली माती यंदा पॅन्सीला वापरू नका. झेंडूसारख्या दणकट झाडाला द्या. कुंड्या साबणाने घासून, उन्हात दोन दिवस पालथ्या ठेवा.

नवीन मिश्रण असं करा: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग जुनं गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. ट्रायकोडर्माची (मूळकुज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर मिळाली तर गांडूळखतात चोळून आठवडाभर ओलसर ठेवा आणि मग मिसळा. राख नाही, टरफलं नाही.

पाण्याचं: धरणाचं नळाचं पाणी मिळत असेल तर तेच, ते मऊ असतं. बोअरच हाती असेल तर १० लिटरच्या बादलीत दोन ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून द्या. मत्स्यालयाच्या दुकानात पीएचच्या पट्ट्या मिळतात, सहाच्या आसपास रंग आला की थांबा.

आणि बोरॉन वापरलंत तर डोळ्यांत तेल घालून मोजा. कृषी केंद्रात २० टक्क्यांचं मिळतं. एक ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं २५ मिलिलिटर काढून दुसऱ्या एक लिटर साध्या पाण्यात टाका, आणि हे दुसरं पाणी हंगामात एकदाच द्या. कमी पडण्यापेक्षा जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात आणि मग उपाय नसतो.

पारिजात१२ | २६ सप्टेंबर, सकाळी ७:१०

आरओच्या पाण्याचं वाचून मी आत्ता उठून झारी रिकामी केली. गुलाबाच्या पानांवर पांढरी कड येते ती यानेच का?

मृदगंध | २६ सप्टेंबर, सकाळी ९:००

बहुधा हो. ते पाणी फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला वापरा. वाया जायला नको हे बरोबरच आहे.

गोदाकाठ | २६ सप्टेंबर, रात्री ८:२५

निफाडहून लिहितोय. सगळ्यांनी कुंडीचं लिहिलं, मी वाफ्याचं लिहितो. आमच्याकडे जमीन आहे आणि थंडीही आहे.

इथे पारा पाच-सहापर्यंत उतरतो. त्या रात्री द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो, मण्यांना तडे जातात म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. आणि त्याच सकाळी माझ्या ओट्यासमोर पॅन्सी पानांवर पांढरे कण घेऊन उभी असते. ऊन आलं की कण वितळतात, पाकळ्या सरळ होतात, काही झालंच नाही असं वाटतं. वडील म्हणतात, एकाच हवेत एक पीक रडतं आणि एक हसतं.

काळ्या मातीत सपाट लावू नका. पाणी तुंबलं की संपलं. मी एक मीटर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करतो. वाफ्याच्या मातीत पालापाचोळ्याचं खत आणि पोयटा अर्धा-अर्धा. शेणखत दोन वर्षांचं जुनंच, ताजं घातलं तर नुसती पानं माजतात आणि देठ लोळतात. दोन रोपांत २० सेंटिमीटर. आधी मी १० वर लावायचो, वाफा लवकर भरलेला दिसावा म्हणून. पण खाली हवा खेळेना आणि पानांवर जांभळट कडेचे ठिपके आले. रोप लावताना त्याची गड्डी मातीच्या पातळीलाच ठेवायची, खोल गाडली की मान कुजते.

वर उसाचं पाचट बारीक करून दोन बोटं पसरतो. माती गार राहते आणि पाणी देताना चिखल पाकळ्यांवर उडत नाही. फक्त रात्री त्याखाली गोगलगायी लपतात. संध्याकाळी कोबीचं पान वाफ्याच्या कडेला उपडं ठेवतो, सकाळी सगळ्या त्याखाली जमलेल्या असतात, उचलून लांब टाकायच्या.

मुलुंडची बाल्कनी | २६ सप्टेंबर, रात्री ८:५५

गोदाकाठ, हे वाचून हेवा वाटला. मुंबईत जानेवारीतही रात्री सतरा-अठरा अंश. आमच्यासाठी काही आहे का, की नाद सोडावा?

उरुळीकर | २६ सप्टेंबर, रात्री १०:१५

नाद सोडू नका, जात बदला. मोठ्या फुलाची, तळहाताएवढी पॅन्सी मुंबईत मागू नका. लहान फुलाची व्हायोला घ्या. तिचं फूल रुपयाएवढं, पण एका रोपावर पंचवीस-तीस येतात आणि गरमी थोडी जास्त सोसते. पावसाने मोठ्या फुलाच्या पाकळ्या लगदा होतात, व्हायोला झटकून उभी राहते. बी पेरत बसू नका, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तयार रोपं आणा. आणताना फुलं मोजू नका. रोप हलक्या हाताने पिशवीतून सरकवून मुळं बघा, पांढरी असली तरच पैसे द्या. कुठला भला नर्सरीवाला नाही म्हणणार नाही.

आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या, काळ्या ग्रो बॅगा नकोत. दुपारी हात लावून बघा, चटका बसतो. आत मूळ शिजतं. खापराची कुंडी घ्या. जमलं तर मोठ्या खापराच्या कुंडीत लहान कुंडी ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू ओली ठेवा. माठात पाणी गार होतं तसंच मूळ गार राहतं.

गच्चीवरची | २६ सप्टेंबर, रात्री १०:४०

दादा, हे माठाचं किती साधं आणि किती नेमकं! माझ्या आडव्या कुंड्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आहेत, ६० सेंटिमीटर लांब, २० रुंद. त्यात किती रोपं?

उरुळीकर | २७ सप्टेंबर, सकाळी ६:३५

पाच. हावरेपणा केला तर सहा. गोल कुंडी असेल तर सहा इंचीत एक, बारा इंचीत तीन-चार. खोली वीतभर पुरे, याची मुळं खोल जात नाहीत. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा, आणि खाली बशी ठेवू नका.

पानोपानी | २७ सप्टेंबर, दुपारी ३:३०

मांजरफूल वाचून राहवलं नाही. पॅन्सी हे जुनं रानफूल नव्हे, माणसाने घडवलेलं फूल आहे, आणि तेही फार जुनं नाही. युरोपातल्या रानातल्या लहानशा तिरंगी व्हायोलापासून ती निघाली. इंग्लंडमध्ये टेम्सकाठच्या वॉल्टन गावी लेडी मेरी एलिझाबेथ बेनेट आणि त्यांचे माळी विल्यम रिचर्डसन यांनी १८१२ च्या सुमारास वेगवेगळ्या रंगांची रोपं जमवून वाढवली. त्याच काळात आयव्हर इथे लॉर्ड गॅम्बियर यांच्याकडचे माळी विल्यम थॉम्पसन संकर करत होते. सुरुवातीच्या पॅन्सींना डाग नव्हताच, नुसत्या बारीक रेघा असत. मग १८३९ साली थॉम्पसनना आपोआप उगवलेल्या रोपांत एका फुलावर काळा डाग दिसला, त्या वाणाचं नाव मेडोरा. आणि त्यांनाही ते फूल पाहून मांजराचाच चेहरा आठवला होता!

पॅन्सीच्या 'व्हायोला विट्रॉकियाना' या शास्त्रीय नावातलं विट्रॉकियाना हे वेट विट्रॉक या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून आलं. पॅन्सी शब्द फ्रेंच 'पाँसे' म्हणजे विचार यावरून. मान जरा झुकलेली असते म्हणून विचारात पडल्यासारखी दिसते, असं सांगतात.

गच्चीवरची | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०५

हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. १८३९ चा माळी आणि देवळालीची पोरं एकच म्हणाली, याचा त्यांना इतका आनंद झाला!

डॅलसवासी | २८ सप्टेंबर, सकाळी ७:२०

टेक्सासहून नमस्कार. इथे पॅन्सी हे हिवाळ्याचं फूल, ऑक्टोबरात लावायचं आणि मेपर्यंत बघायचं. फेब्रुवारी २०२१ ची थंडी आठवत असेल, डॅलसला पारा उणे १९ सेल्सियसला गेला होता. आमच्याकडे वीज नव्हती, नळ फुटले होते, बागेकडे बघायला कोणाला सवड? आठवड्याने बर्फ वितळलं तर दारासमोरच्या वाफ्यात पॅन्सी चपटी होऊन जमिनीला चिकटलेली. मी उपटणार होते. शेजारच्या आजींनी थांबवलं. बर्फाची चादर होती म्हणून मूळ जिवंत आहे, म्हणाल्या. मार्चमध्ये त्याच रोपांना बुडातून फुटवे आले आणि फुलली. थंडी तिला मारत नाही, कोरडा गारठलेला वारा आणि तहान मारते. म्हणून थंडीची लाट यायच्या आदल्या दिवशी इथे वाफ्याला भरपूर पाणी देतात. तुमचा प्रश्न उलटा आहे हे कळतंय, तरी निफाड-नाशिकवाल्यांना उपयोगी पडेल.

गोदाकाठ | २८ सप्टेंबर, रात्री ९:००

पडेल नक्की. आम्हीही द्राक्षाला थंडीत पहाटे पाणी सोडतो, विहिरीचं पाणी कोमट असतं म्हणून.

गच्चीवरची | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

८ तारखेला पहाटे खरंच पांघरूण ओढलं. त्याच दिवशी पेरलं. ट्रे मोरीच्या कट्ट्याखाली, वर ओलं गोणपाट. नवव्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन बघितलं तर चार खणांत पांढरी कमान वर आलेली, डोकं अजून मातीत. गोणपाट तिथल्या तिथे काढलं. आज मोजले: ९८ पैकी ७१!

एका कोपऱ्यात मात्र तीन रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन पडली.

उरुळीकर | २१ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

७१ म्हणजे घरच्या मानाने फार चांगलं. पडलेली तीन आणि त्यांच्या शेजारचे खण कोकोपीटसकट काढून टाका. ही मर आहे, पाण्यातून पसरते. आता वरून झारी नको, ट्रे परातीत ठेवून खालून पाणी प्यायला लावा, पंधरा मिनिटांत बाहेर. वरचा थर दुपारपर्यंत सुकलेला दिसला पाहिजे. पंखा मंद वेगावर लांबून सुरू ठेवा, त्याने देठही जाड होतो.

मृदगंध | २१ ऑक्टोबर, रात्री ९:१०

खरी पानं दोन आली की खत सुरू करा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) अर्धा ग्रॅम लिटरला, आठवड्यातून एकदा. कुंडीत गेल्यावर एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. मोहरीची पेंड भिजवून देणार असाल तर चार दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी घाला. पण एका वेळी एकच, दोन्ही नको.

संत्रानगरी | १६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

नागपुरात थंडी सुरू झाली. धागा वाचून माझी रोपंही तयार आहेत. कुंडीत हलवायची नेमकी वेळ कोणती?

उरुळीकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

पाच-सहा खरी पानं आली आणि खणातून ओढल्यावर गड्डी न फुटता बाहेर आली की वेळ झाली. आधी आठ दिवस बाहेरची सवय लावा, पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, मग वाढवत न्या. लावायचं संध्याकाळी. पहिली एखादी कळी त्या वेळी असेल तर खुडा. जिवावर येतं, पण रोप पसरतं.

गच्चीवरची | २ जानेवारी, सकाळी ९:३०

पहिलं फूल. पिवळं, काळ्या डागाचं.

सकाळी साडेसातला बाबांना खुर्चीत बसवलं तेव्हा कळी अर्धी सुटलेली होती. खालची मोठी पाकळी आधी मोकळी झाली, तिच्यावरच्या काळ्या रेघा मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे जाताना दिसल्या. वरच्या दोन पाकळ्या मागे दुमडलेल्याच होत्या. बाबा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते. साडेआठला पूर्ण उघडलं. मागून बघितलं तर देठाजवळ छोटं शिंगासारखं टोक आहे. पानोपानी, ते काय असतं?

शेंडे सगळे हिरवेगार. फक्त धरणाचं पाणी आणि बोअरचं आलं तर लिंबूसत्त्व. बोरॉन लागलंच नाही.

पानोपानी | २ जानेवारी, सकाळी ११:२०

अभिनंदन! ती मधाची पिशवी. खालच्या पाकळीच्या मागे शिंगासारखी निघालेली, मध तिथे साठतो. त्या काळ्या रेघा म्हणजे माशीला दाखवलेली वाट.

पारिजात१२ | १९ जानेवारी, रात्री ९:३५

माझ्याकडेही बहर आहे. मावळलेली फुलं खुडायची म्हणतात, पण कळीही मान खाली घालून असते आणि मावळलेलं फूलही. घाईत मी तीन कळ्या तोडल्या आणि फार वाईट वाटलं. कसं ओळखायचं?

गोदाकाठ | १९ जानेवारी, रात्री १०:२०

बोटांना विचारा. कळी टोकदार आणि आतून भरीव लागते, पाकळ्या छत्रीसारख्या पिळलेल्या. मावळलेल्या फुलाच्या पाकळ्या मऊ, ओलसर, आणि त्यामागे हिरव्या पाकळ्यांत गोल फुगवटा लागतो, तूरडाळीएवढा. तो फुगवटा म्हणजे बोंड धरलं. देठाच्या बुडापासून नखाने काढा, नुसती पाकळी ओढली तर बोंड मागे राहतं आणि झाड बियांच्या मागे लागतं. एक दिवसाआड पाच मिनिटं दिली तर बहर मार्चपर्यंत ओढता येतो.

संत्रानगरी | २० जानेवारी, सकाळी ८:००

फुलं खातात म्हणे, केकवर लावतात. मुलीचा वाढदिवस आहे.

मृदगंध | २० जानेवारी, सकाळी ९:४५

पाकळ्या खाण्यायोग्य असतात, चव पालेभाजीसारखी. पण बियांपासून स्वतः वाढवलेल्या आणि एकही फवारा न मारलेल्या रोपाच्याच. नर्सरीतून आणलेल्या रोपावर झाडाच्या आत भिनणारी औषधं असू शकतात, ती धुऊन जात नाहीत. तुमची बियांची असतील तर निर्धास्त लावा.

गच्चीवरची | २६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

ऊन चढलं. दुपारी तीनला पानं मान टाकतात, संध्याकाळी उठतात. फुलं लहान झाली. पानांच्या पाठीवर बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसले.

उरुळीकर | २६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

लाल कोळी. कोरड्या गरमीत येतोच. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस मारा, जास्त असेल तर निंबोळी तेल पाच मिली लिटरला, थोडं साबण घालून, संध्याकाळीच. कुंड्या सकाळी अकरानंतर सावलीत सरकवा. पण ताई, मार्चच्या मध्यापलीकडे ओढू नका. आता निवडून चार चांगली रोपं ठेवा आणि त्यांची फुलं खुडणं थांबवा. बी धरू द्या.

मृदगंध | २६ फेब्रुवारी, रात्री १०:००

बी संकरित असेल तर पुढच्या वर्षी फुलं आईसारखी येणार नाहीत. रंग फुटतील, आकार लहान होईल. ते माहीत असू द्या.

गच्चीवरची | १८ मार्च, सकाळी ८:४०

बाबांना सांगितलं तसं. म्हणाले, देवळालीच्या वाफ्यात तरी दरवर्षी तीच कुठे यायची.

बोंडाची गंमत त्यांनीच शोधली. कोवळं असताना ते मान खाली घालून असतं. पिकायला आलं की देठ सरळ होतो आणि बोंड आकाशाकडे तोंड करतं, हिरवं जाऊन फिकट गवती रंग येतो. त्या दिवशी तोडलं नाही तर दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की तीन फाकांत उकलतं आणि बिया उडून जातात. पहिली तीन अशीच गेली. आता ते सकाळी वर बघणारी बोंडं कात्रीने कापतात, वाटीत ठेवतात आणि वर मलमलचा तुकडा रबराने बांधतात. दुपारी खोलीत वाटीला टिकटिक टिकटिक आवाज येत राहतो. काल मोजून १८० बिया झाल्या, तपकिरी, चकचकीत, खसखशीपेक्षा थोड्या मोठ्या. आठवडाभर सावलीत सुकवून काचेच्या डबीत भरल्या, सोबत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. डबी फ्रिजच्या दारात, त्यांच्या डोळ्यांच्या औषधाशेजारी. वर त्यांनी स्वतः तारीख लिहिलीय.

आज रोपं काढली. मुळं पांढरी होती, मृदगंध.

आता या दोन कुंड्यांत उन्हाळ्यासाठी काय लावू? खुर्चीसमोर रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत.

उरुळीकर | १८ मार्च, दुपारी १:०५

ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लावा. काडी खोचली तरी जगतं, ऊन जितकं कडक तितकं फुलतं आणि बरोबर दहाच्या सुमाराला उघडतं. बाबांचा चहा झाला की फुलं हजर. रविवारी या बाजूला आलात तर काड्या मी देतो, पिशवी तेवढी घेऊन या.